ई-टपालाची पेटी आणि घराची शिस्त

झाशी हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे आणि आजच्या आपल्या विषयाला तीच अधिक उपयोगी पडणार आहे. झाशी हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. येथून एक मार्ग ग्वाल्हेर-आग्र्यावरून दिल्लीस जातो, दुसरा बीना-भोपाळवरून मुंबईकडे उतरतो, तिसरा उरईवरून कानपूर गाठतो व चौथा महोबा-बांद्यावरून माणिकपूरकडे वळतो. जेथे चार मार्ग मिळतात तेथे चारी दिशांचे टपालही मिळते. म्हणूनच रेल्वे डाक सेवेच्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'आर. एम. एस.'च्या कामात झाशीचे स्थान पूर्वापार महत्त्वाचे राहिले आहे.

धावत्या गाडीत टपाल निवडण्याची पद्धत भारतात १८६३ साली अलाहाबाद आणि कानपूर यांच्या दरम्यान सुरू झाली. टपालाच्या डब्यात भिंतीशी लहान लहान खणांची मांडणी असे आणि तिच्यासमोर उभा राहून निवडणारा कर्मचारी एकामागून एक पत्र हाती घेई. पत्राच्या आत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. तो पत्ता वाची, दिशा ठरवी आणि पत्र त्या त्या खणात टाकी. पुढचे स्टेशन येईपर्यंत थैली बांधून तयार असावयाची. या कामाचा मुख्य नियम एकच होता: हाती आलेले पत्र हातात राहता कामा नये.

आज आपल्या घरी येणारे पुष्कळसे टपाल गाडीने येत नाही, संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर उतरते. ते क्षणात येते, त्याला तिकीट लागत नाही, आणि आपल्यासाठी ते निवडून देणारा कोणी कर्मचारीही नसतो. परिणाम असा, की बहुसंख्य घरांतील ई-मेलची पेटी म्हणजे थैल्या न फोडलेले टपालघर झाले आहे. न वाचलेल्या पत्रांचा आकडा हजारांच्या घरात गेला तरी आपण तिकडे पाहण्याचे सोडून देतो. या पेटीसाठी कोणती सेवा घ्यावी आणि तिची मांडणी कशी करावी, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा.

प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही

झाशीत मराठी कुटुंबांचे वास्तव्य जुने आहे. १७४२ मध्ये पेशव्यांच्या वतीने नारोशंकर येथे कारभारी झाले, त्यानंतर मराठी वस्ती वाढली. पुढे रेल्वेमुळे हा संबंध ताजा राहिला, कारण २००३ साली उत्तर मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंत झाशी विभाग मुंबईस मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता व बदलीच्या निमित्ताने इकडची माणसे तिकडे जात-येत राहिली. अशा एखाद्या कुटुंबाचे चित्र मनाशी रेखाटून पाहा. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यास नोकरीत, मुलगी इंदुरास दिलेली, आणि नातू स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारा. साऱ्या घराचा ई-मेलचा पत्ता मात्र एकच. तोही पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी काढून दिलेला.

या एका पत्त्यावर काय काय येते? निवृत्तिवेतनासंबंधीचे पत्र येते, बँकेचा खातेउतारा येतो, विम्याच्या हप्त्याची आठवण येते, प्राप्तिकर खात्याची सूचना येते, रेल्वेचे तिकीट येते आणि नातवाच्या परीक्षेचे प्रवेशपत्रही येते. त्यांच्यामागोमाग दुकानांच्या जाहिराती येतात व त्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. एके दिवशी पेटी काठोकाठ भरते. त्यानंतर येणारे पत्र आत शिरत नाही, ते पाठविणाऱ्याकडे परत जाते. ते पत्र मुलाखतीचे असले तर? घरातील कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही, कारण जे पत्र आलेच नाही त्याची वाट कोण पाहणार?

म्हणून पेटीची मांडणी हा हौसेचा भाग नसून घराच्या जमाखर्चाइतकाच आवश्यक व्यवहार आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

दोन मेगाबाइटांपासून पंधरा गिगाबाइटांपर्यंत

भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया व त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत 'हॉटमेल' ही सेवा सुरू केली. तोवर ई-मेल वाचावयाचे तर बहुधा स्वतःच्या कचेरीतील संगणकापाशीच बसावे लागे. हॉटमेलमुळे कोणत्याही गावच्या कोणत्याही संगणकावरून आपली पेटी उघडता येऊ लागली, आणि तीही विनामूल्य. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट कंपनीने ही सेवा विकत घेतली. त्याच वर्षी याहूची ई-मेल सेवा आली. मुंबईत अजित बालकृष्णन यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या रेडिफ या कंपनीची 'रेडिफमेल' सेवाही भारतीय घरांत लोकप्रिय झाली.

त्या काळी हॉटमेलची जागा अवघी २ मेगाबाइट होती. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तेवढ्या जागेत मावेलच असे नाही! साहजिकच लोक पत्र वाचीत, उत्तर देत आणि ते काढून टाकीत. जागेची टंचाई हीच त्यांची शिस्त होती.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने 'जीमेल' जाहीर केले व प्रत्येकास १ गिगाबाइट, म्हणजे हॉटमेलच्या सुमारे पाचशे पट जागा देऊ केली. ती तारीख पाहून अनेकांना ही थट्टाच वाटली. पण थट्टा नव्हती. पत्रे काढून टाकू नका, साठवा आणि हवी तेव्हा शोधा, असा नवा मंत्र या सेवेने दिला. मंत्र चांगला होता, तथापि त्याचा अर्धाच भाग आपण उचलला. साठविणे चटकन अंगवळणी पडले, शोधण्याची तयारी मात्र मागे राहिली. अंगण मोठे मिळाले म्हणून केर काढावयाचे कोणी सोडून द्यावे, तसे हे झाले.

कोणती सेवा कशी आहे?

आज विनामूल्य मिळणाऱ्या सेवांपैकी पाच आपल्या वाचकांच्या विशेष परिचयाच्या आहेत.

जीमेलमध्ये १५ गिगाबाइट जागा मिळते. परंतु ही जागा केवळ पत्रांसाठी नसून गूगलच्या ड्राइव्हमधील कागदपत्रे आणि १ जून २०२१ पासून चढविलेली छायाचित्रे यांचाही त्याच जागेत समावेश होतो. लग्नमुंजीच्या छायाचित्रांनी पत्रांची वाट अडते ती यामुळेच. शोधण्याची सोय मात्र या सेवेत उत्तम आहे. तिचा पडदा मराठीतही करून घेता येतो.

आउटलुक हा जुन्या हॉटमेलचाच नवा अवतार. ज्यांचे पत्ते हॉटमेलचे आहेत त्यांचे पत्ते येथे अजूनही चालतात. पत्रांसाठी येथेही १५ गिगाबाइट जागा आहे. महत्त्वाची व इतर पत्रे आपोआप दोन भागांत लावण्याची सोय आहे. एकाच ठिकाणाहून आलेली सगळी पत्रे एका झटक्यात झाडून काढण्याची 'स्वीप' नावाची युक्तीही आहे. कचेरीतील कप्प्यांची सवय असलेल्या माणसास ही सेवा जवळची वाटेल.

याहूने २०१३ मध्ये प्रत्येकास १ टेराबाइट इतकी प्रचंड जागा दिली होती, पण २०२५ मध्ये ती फार मोठ्या प्रमाणात घटविली. दान म्हणून मिळालेली जागा दाता केव्हाही परत घेऊ शकतो, हा धडा यातून सर्वांनी घ्यावा.

रेडिफमेलचे पत्ते अनेक घरांत पंचवीस वर्षांपासून चालत आले आहेत. पत्ता जुना झाला म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तो कोणकोणत्या खात्यांत नोंदविलेला आहे हे पाहून त्यात नियमाने डोकावत राहावे.

झोहो ही १९९६ साली सुरू झालेल्या भारतीय कंपनीची सेवा. तिच्या विनामूल्य पेटीत सुमारे ५ गिगाबाइट जागा असते आणि जाहिराती नसतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे ई-टपालही अलीकडे या कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आले आहे.

यांतील श्रेष्ठ कोणती, असे कोणी विचारील. जागेच्या आकड्यांवरून निवड करू नये, असे आम्ही सुचवू. कसोट्या तीन लावाव्यात. जुने पत्र किती लवकर सापडते? परवलीचा शब्द विसरल्यास पेटी परत कशी मिळते? आणि पेटी बरेच दिवस उघडली नाही तर काय होते? या तिसऱ्या प्रश्नाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या नियमांनुसार दोन वर्षे न वापरलेले खाते बंद होऊ शकते. याहूची मुदत तर एक वर्षाचीच आहे. आजारपणात किंवा परगावी गेल्यावर पेटीकडे पाहणारे घरात दुसरे कोणीतरी असावे, ते यासाठी. एकदा पत्ता ठरला म्हणजे तो क्षुल्लक कारणाने बदलू नये. बँक, शाळा, विमा व रेल्वे या सर्वांच्या दप्तरी तोच पत्ता नोंदलेला असतो, आणि घर बदलल्यावर टपाल जसे जुन्या दारी जात राहते तसेच येथेही होते.

चार दिशा

सेवा कोणतीही घ्या, पेटी लावण्याची पद्धत एकच आहे आणि ती जंक्शनवरील कर्मचाऱ्याकडून शिकावी. पत्र समोर आले की त्याला चारांपैकी एक दिशा द्यावी.

पहिली दिशा उत्तराची. दोन मिनिटांत उत्तर देता येत असेल तर ते तेथल्या तेथे द्यावे. 'मागाहून पाहू' म्हणून ठेवलेल्या पत्रास आठवडा लागतो आणि मग उत्तराबरोबर क्षमायाचनाही लिहावी लागते.

दुसरी दिशा कामाची. हप्ता भरावयाचा आहे, अर्ज करावयाचा आहे, कागद जोडावयाचा आहे, अशा पत्रास तारांकित करावे आणि कामाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. तारांकित पत्रे वीसच्या वर जाऊ देऊ नयेत. सगळ्याच पत्रांना तारा लावल्या तर आकाशात वाट सापडत नाही.

तिसरी दिशा दप्तराची. ज्याचे काम झाले परंतु जे पुढे लागेल, ते पत्र दप्तरदाखल करावे. जीमेलमध्ये व आउटलुकमध्ये यासाठी 'आर्काइव्ह'ची कळ आहे. तिने पत्र नाहीसे होत नाही, फक्त दर्शनी पेटीतून हलते व शोधल्यावर सापडते.

चौथी दिशा केराच्या टोपलीची. जाहिरातीचे पत्र नुसते पुसून भागत नाही, कारण उद्या दुसरे येते. पत्राच्या वर किंवा तळाशी 'अनसब्स्क्राइब' असा शब्द असतो, त्यावर बोट ठेवून ती वर्गणीच बंद करावी. मात्र ही सोय ओळखीच्या दुकानापुरतीच वापरावी. अनोळखी व संशयास्पद पत्रातील कोणत्याही दुव्यास हात न लावता ते 'स्पॅम'मध्ये टाकावे. चुकून टोपलीत गेलेले पत्र जीमेलमध्ये तीस दिवसांपर्यंत परत काढता येते, तेव्हा पुसण्याची फार भीतीही बाळगू नये.

कप्पे किती असावेत?

पेशवे दप्तरातील कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या हजारो रुमालांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, तेव्हा त्या दप्तराचे मोल अभ्यासकांच्या हाती आले. रुमालाची अडचण अशी, की एक कागद एकाच रुमालात राहू शकतो. मोहिमेच्या खर्चाचा कागद मोहिमेत बांधावा की हिशेबात, हा प्रश्न कारकुनाला पडणारच. बहुतेक ई-मेल सेवांतील फोल्डर हे असेच रुमाल होत. जीमेलमधील लेबल मात्र रुमाल नसून चिठ्ठी आहे, व एका पत्रावर दोन चिठ्ठ्या लावता येतात. नातवाच्या शुल्काची पावती 'शिक्षण' या चिठ्ठीखालीही सापडते आणि 'प्राप्तिकर' या चिठ्ठीखालीही.

परंतु चिठ्ठ्या मिळतात म्हणून पन्नास करू नयेत. या बाबतीत पिन कोडची रचना आदर्श मानावी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही कल्पना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. झाशीचा २८४००१ हा क्रमांक पाहा. पहिला २ हा आकडा उत्तर प्रदेश व उत्तराखंड यांच्या विभागाचा. पहिले तीन आकडे मिळून टपाल निवडीचा जिल्हा कळतो आणि उरलेल्या तीन आकड्यांनी नेमके टपाल कार्यालय. एवढ्या विशाल देशाचे टपाल सहा आकड्यांत बसते, तर एका घराचे सहा कप्प्यांत का बसू नये?

निवृत्तिवेतन, बँक व विमा, कर, शिक्षण, प्रवास आणि आप्तेष्ट असे सहा कप्पे सामान्य घरास पुरतात. त्यांची नावे मराठीत, देवनागरीतच लिहावीत म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनाही ती आपली वाटतात. फार भरलेल्या कप्प्यात वर्षांनुसार पोटकप्पे करावेत. त्यानंतर 'फिल्टर' अथवा 'रूल' या नावाने मिळणारी सोय वापरावी. अमुक बँकेचे पत्र आले की ते अमुक कप्प्यात जावे, असे एकदा सांगून ठेवले की निवडीचे निम्मे काम यंत्र करते. मात्र तातडीची पत्रे यंत्राने परस्पर आत नेऊन ठेवू नयेत, त्यांच्यावर चिठ्ठी लागावी आणि ती दर्शनी पेटीतही दिसावीत.

पेटीची किल्ली

पेटी नीट लावली आणि किल्ली हरवली, तर लावण्याचा उपयोग काय? परवलीचा शब्द विसरल्यास पेटी परत मिळविण्यासाठी एक मोबाइल क्रमांक नोंदवावा लागतो. अनेक घरांत तो क्रमांक केव्हाच बंद झालेला असतो. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, म्हणून क्रमांक बदलताच ही नोंद बदलावी. परवलीच्या शब्दाखेरीज मोबाइलवर दुसरी खूण मागणारी दुहेरी तपासणी अवश्य सुरू करावी.

शक्यतो प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा पत्ता वेगळा असावा. आजोबांचे निवृत्तिवेतन आणि नातवाची परीक्षा एका पेटीत कोंडणे दोघांनाही गैरसोयीचे आहे. निवृत्तांसाठी १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही हयातीच्या दाखल्याची डिजिटल सोय झाली आहे, व असे दाखले देण्याचा काळ नोव्हेंबरातच येत असल्याने फसव्या पत्रांनाही त्याच सुमारास ऊत येतो. अशा वेळी पाठविणाऱ्याचे नाव न पाहता त्याचा पूर्ण पत्ता पाहावा. केंद्र व राज्य शासनांचे पत्ते बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' यांनी संपतात. बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली आणण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता, तेव्हा दुवा तसा नसेल तर सावध व्हावे. फसवणूक झालीच तर संकोच न करता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळविले तर पैसे अडविण्याची शक्यता अधिक असते.

आणखी एक गोष्ट बोलावयास अवघड आहे, तरी बोललीच पाहिजे. घरातील कर्ता माणूस गेला म्हणजे त्याच्या कपाटाची किल्ली सापडते, पण पेटीचा परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. मग विमा कोणता होता, ठेव कोठे होती, हे शोधण्यात दुःखाचे दिवस आणखी जड होतात. गूगलने २०१३ पासून अशी सोय ठेवली आहे, की ठराविक काळ खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या विश्वासू व्यक्तीस कळविले जावे व आपण ठरविलेली माहिती तिला मिळावी. ही सोय आपण हयात असतानाच भरून ठेवावी लागते. ती जमत नसेल तर निदान कोणता पत्ता कोणत्या खात्यास जोडलेला आहे, याची यादी मृत्युपत्राच्या किंवा विम्याच्या कागदांसोबत ठेवावी.

आरंभ कसा करावा?

हजारो पत्रे साचलेली पाहून धीर सुटतो. ती एका बैठकीत निवडण्याच्या भरीस पडू नये. गेल्या तीन महिन्यांची पत्रे तेवढी निवडावीत, त्यापूर्वीची सारी एकगठ्ठा दप्तरदाखल करावीत आणि आजपासून येणाऱ्या पत्रांना नवा नियम लावावा. नंतर मोठ्या जोडपत्रांची पत्रे शोधून अनावश्यक तेवढी काढावीत, जागा झपाट्याने मोकळी होते. दररोज सकाळी दहा मिनिटे व संध्याकाळी दहा मिनिटे एवढा वेळ या कामास पुरे आहे. दिवसभर पेटी उघडून पाहत बसणे हीसुद्धा एक अव्यवस्थाच होय.

रविवारी दुपारी घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांशेजारी बसून हे काम करून द्यावे आणि करता करता शिकवावेही. परस्पर करून टाकलेल्या कामापेक्षा शिकवून ठेवलेले काम अधिक टिकते. त्या जुन्या पत्रांच्या ढिगात एखादे पत्र दूरदेशी गेलेल्या भावंडाचे निघेल, वर्षापूर्वी आलेले आणि उत्तराची वाट पाहत पडलेले. त्याला पहिली दिशा द्यावी.